जर्मनीत पीआर हवी असेल तर आधी तारखा सांभाळा

ओळखीतल्या कुणाच्या तरी भावाचा नाहीतर मैत्रिणीच्या नवऱ्याचा मेसेज अधूनमधून येतोच, "ताई, टुरिस्ट व्हिसावर आलो, तिथेच नोकरी शोधली आणि तिथल्या तिथे वर्क परमिट करून घेतलं तर चालेल ना?" नाही चालणार रे बाबा. शेंगेन व्हिसा हा १८० दिवसांत ९० दिवस फिरायला, नातेवाईकांना भेटायला, फार तर एखाद्या मीटिंगला यायचा व्हिसा आहे. त्यावर आलेल्या माणसाला इथे बसून नोकरीचं परमिट साधारणपणे मिळत नाही, ऑफर लेटर खिशात असलं तरी परत जायचं, दूतावासाकडे अर्ज करायचा आणि नॅशनल व्हिसा, ज्याला सगळे डी व्हिसा म्हणतात, तो घेऊन यायचं. एजंट लोक खुशाल सांगतात "तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट होतं", त्यांचं काय जातंय, तिकिटाचे पैसे तुमचे आणि फाईलवरचा डागही तुमचाच. आणि नोकरी शोधायलाच यायचं असेल तर जून २०२४ पासून चान्सेनकार्ट आहे की, पॉइंट्सवर मिळतं, वर्षभर राहून शोधता येतं, आठवड्याला २० तासांपर्यंत पार्टटाइम कामही करता येतं. सरळ रस्ता असताना आडवाटेने कशाला जायचं.

तर आता मुद्द्याचं. मी इथे शिकायला आले, मग नोकरी, मग ब्लू कार्ड, म्हणजे डिग्रीवाल्यांना ठराविक पगाराच्या वरच्या नोकरीवर मिळणारं परमिट, मग पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, सगळ्या पायऱ्या चढून झाल्यात, आणि नंतर आजूबाजूच्यांच्या फाइली बघता बघता एक गोष्ट लक्षात आली की लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात. ऑफिसर कसा असेल, जर्मनमध्येच बोलेल का, त्याचा मूड खराब असला तर नाही म्हणेल का, याचं टेन्शन. अहो, ब्लू कार्डवाल्याच्या पीआरमध्ये त्याच्या मूडला जागाच ठेवलेली नाहीये. कायद्यात "देता येईल" असं नाही, "द्यायची" असं लिहिलंय, अटी पूर्ण असतील तर तो तुमचा हक्क आहे. घोळ होतो तो मधल्या काळात, एक परमिट संपलं आणि दुसरं अजून आलं नाही त्या फटीत, नोकरी बदलली आणि कळवलं नाही तिथे, "एवढ्याने काय होतंय" म्हणून केलेल्या साईड कामात. आणि हे तेव्हा कुणाला दिसत पण नाही, दिसतं ते दोन वर्षांनी पीआरच्या टेबलावर.

आधी हिशोब सांगून टाकते म्हणजे पुढचं कळेल. ब्लू कार्डवर २७ महिने नोकरी आणि तेवढ्याच महिन्यांचं पेन्शन काँट्रिब्युशन झालं की ए१, म्हणजे अगदी सुरुवातीच्या लेव्हलच्या जर्मनवर पीआर मागता येते, बी१, म्हणजे मधल्या लेव्हलचं जर्मन असेल तर २१ महिन्यांतच. नोव्हेंबर २०२३ आधी हे २७ चे ३३ होते, त्यामुळे जुने लोक अजून ३३ सांगतात, त्यांचं ऐकू नका. ब्लू कार्ड नाही, साधं स्किल्ड वर्करचं परमिट आहे, तर तीन वर्षं आणि बी१. इथल्या युनिव्हर्सिटीची डिग्री असेल तर दोन वर्षं आणि बी१. आणि यातलं काहीच बसत नसेल तर सगळ्यांसाठीचा जनरल नियम, पाच वर्षं आणि पेन्शनचे ६० महिने. डी व्हिसावर काम सुरू केलेले सुरुवातीचे महिने पण धरतात, कार्ड हातात आल्या तारखेपासून मोजायला बसू नका. याशिवाय 'लेबेन इन डॉइचलांड' नावाची परीक्षा असते, ३३ प्रश्न, १५ बरोबर आले की झालं, आणि सगळे ३१० संभाव्य प्रश्न सरकारने स्वतःच उघड करून ठेवलेत, त्यामुळे तिचं टेन्शन घेणारा माणूस मला अजून समजलेला नाही. टेन्शन घ्यायचंच तर परीक्षेची सीट मिळण्याचं घ्या, मोठ्या शहरांत त्यालाच वेळ लागतो.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, एक्स्पायरी. तुमचं कार्ड अमुक तारखेला संपतंय, फॉरेनर्स ऑफिसचं, म्हणजे परदेशी लोकांची परमिटं देणाऱ्या सरकारी ऑफिसचं टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, काही केल्या मिळत नाहीये, वेबसाईटवर रोज सकाळी उठून रिफ्रेश मारताय, सगळे स्लॉट लाल. इथे लोक हात टेकतात आणि म्हणतात टर्मिनच मिळत नाही तर मी काय करू. पण कायद्याला टर्मिनशी घेणंदेणं नाहीये, त्याला अर्जाची तारीख हवी असते! रेसिडेन्स ॲक्टचं कलम ८१, पोटकलम ४, त्यात म्हटलंय की जुनं परमिट चालू असतानाच तुम्ही वाढवायला किंवा दुसरं परमिट मिळायला अर्ज केलात तर निर्णय होईपर्यंत जुनं परमिट चालूच आहे असं मानायचं, कामाच्या हक्कासकट. हे आपोआप होतं, कुणी सही करावी लागत नाही. पण एक दिवस जरी उशीर झाला तर हे आपोआप होणं बंद. मग फक्त तुम्हाला लगेच हाकलत नाहीत एवढंच, काम मात्र करता येत नाही, कंपनीला तुम्हाला कामावर ठेवताच येत नाही, आणि पुढे सगळं त्या ऑफिसच्या मर्जीवर, हार्डशिप दाखवून विनवण्या करायच्या.

म्हणून अर्ज लेखी करा आणि पुरावा ठेवा. शहराचं ऑनलाइन पोर्टल असेल तर तिथून आणि त्याची कन्फर्मेशनची पीडीएफ जपून ठेवा, नसेल तर रजिस्टर्ड पोस्टाने, सोबत ईमेल. पत्रात स्पष्ट लिहा की मी अमुक परमिटच्या मुदतवाढीसाठी याद्वारे अर्ज करत आहे, सोबत पासपोर्ट, कार्ड, काँट्रॅक्ट, सॅलरी स्लिप. नुसतं "मला टर्मिन द्या" असं लिहिलेलं मेल म्हणजे अर्ज केला असं सगळीकडे धरतीलच असं नाही, काही शहरं धरतात, पण त्या भरवशावर राहू नका. पीआरच्या अटी पूर्ण होत आल्यात आणि ब्लू कार्डपण संपतंय अशी वेळ असेल तर एकाच पत्रात दोन्ही मागा, पीआर द्या आणि ती होईपर्यंत किंवा होत नसेल तर ब्लू कार्ड वाढवा.

मग येतो तो प्रसिद्ध फिक्शनचा कागद, अर्ज केलाय आणि निर्णय बाकी आहे असं सांगणारं ऑफिसचं सर्टिफिकेट. हातात घेतला की वाटतं हे काय, रेशनकार्डासारखं घडीचं काहीतरी, याच्यावर माझी नोकरी अवलंबून? आतमध्ये तीन चौकोन असतात आणि त्यातल्या एकावर खूण केलेली असते. सगळा जीव त्या खुणेत. तिसऱ्या चौकोनावर खूण असेल, म्हणजे पोटकलम ४, तर जुनं परमिट चालू मानलंय, काम चालू, आणि बाहेर जाऊन परत येता येतं. पहिल्या दोनपैकी एकावर असेल तर त्या कागदावर बाहेर गेलात तर परत येताना अडकाल. टर्मिनच्या खिडकीतून बाहेर पडायच्या आधी तिथेच उभं राहून बघा कुठे खूण आहे, घरी जाऊन नाही, कारण चुकीची खूण बदलून घ्यायला परत टर्मिन लागतं आणि आपण पुन्हा त्या लाल स्लॉटवर. प्रवासात पासपोर्ट, जुनं कार्ड आणि हा कागद तिन्ही बरोबर ठेवायचे. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या माणसाने हा कागद आयुष्यात पाहिलेला नसतो, तो दहा मिनिटं कुणाला तरी फोन करतो, म्हणून वेळेच्या बरंच आधी पोचा. माझं मत विचाराल तर फिक्शनवर असताना अगदी गरजेचं नसेल तर ट्रान्झिटवाली फ्लाईट टाळाच, डायरेक्ट घ्या, थोडे पैसे जास्त गेले तर गेले.

आता विद्यार्थ्यांनी हा भाग दोनदा वाचा. मास्टर्स संपलं, नोकरी लागली, कंपनी म्हणते पुढच्या एक तारखेपासून या, आणि तुमच्याकडे अजून स्टुडंट परमिटच आहे. ब्लू कार्डसाठी अर्ज केला, फिक्शन मिळालं, आता काय, सुरू करू? थांबा. फिक्शनने जुनं परमिट चालू राहतं, जुनं! आणि जुन्यात काय लिहिलंय, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम. मार्च २०२४ आधी ते १२० आणि २४० होते. म्हणजे फुलटाइम नोकरी त्यात बसत नाही, ब्लू कार्ड येईपर्यंत किंवा ऑफिसने त्या फिक्शनवर नोकरीची परवानगी लिहून देईपर्यंत जॉइन व्हायचं नाही. एचआरला बऱ्याचदा हे माहीत नसतं, त्यांना वाटतं कागद आहे म्हणजे झालं. मोठ्या कंपनीतल्या एचआरने सांगितलं म्हणून सुरू केलं, हे कारण नंतर तुमच्या कामी येत नाही. यावर चांगला उपाय म्हणजे डिग्रीचा निकाल लागला की आधी १८ महिन्यांचं जॉब सर्च परमिट घ्यायचं, त्यावर कुठलंही काम पूर्णवेळ करता येतं, नोकरी लागली की त्याच दिवशी सुरू करा आणि ब्लू कार्डचा अर्ज टाका, त्या अर्जाच्या फिक्शनमध्ये कामाची मुभा पुढे चालू राहते. एक्स्ट्रा फी जाते, एक्स्ट्रा टर्मिन लागतं, पण झोप शांत लागते.

कार्डासोबत एक घडी घातलेला हिरवट कागद मिळतो, त्सुझात्सब्लाट. बरेच जण तो फाईलमध्ये टाकून विसरतात आणि नुसतं प्लास्टिकचं कार्ड घेऊन फिरतात. खऱ्या अटी त्या कागदावर असतात. कोणत्या कंपनीत, कोणत्या पदावर काम करायला परवानगी आहे ते तिथे छापलेलं असू शकतं, आणि खाली एक ओळ बहुतेक वेळा असतेच, की स्वतंत्र व्यवसायाला परवानगी नाही. आता यात काय काय येतं बघा, शनिवार-रविवारी मित्राच्या स्टार्टअपला वेबसाईट करून दिली आणि बिल पाडलं, यूट्यूब चॅनलचे पैसे यायला लागले, ऑनलाइन दागिने विकले, योगाचे क्लास घेतले फी लावून. रक्कम किती त्याला महत्त्व नाही. टॅक्स भरला म्हणजे कायदेशीर झालं असंही नाही, टॅक्स ऑफिस आणि फॉरेनर्स ऑफिस हे दोन वेगळे देव आहेत, एकाला नैवेद्य दाखवला म्हणून दुसरा पावत नाही. उलट टॅक्स रिटर्नमध्ये ते उत्पन्न स्वच्छ लिहिलेलं असतं आणि पीआरला रिटर्न मागितलं तर तुम्हीच तुमचा पुरावा नेऊन देता. करायचंच असेल तर आधी परवानगी मागा, नोकरी सांभाळून छोटा व्यवसाय करायला परवानगी देतात, मी बघितलंय, फक्त पैसे घ्यायच्या आधी मागायची असते. आणि बायकोच्या किंवा नवऱ्याच्या कार्डवर "एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउप्ट" (जुन्या कार्डांवर "गेश्टाटेट"), म्हणजे कमाईचं काम करायला परवानगी, असं लिहिलेलं असतं, त्यांना सगळं चालतं, नोकरी, धंदा, फ्रीलान्स. म्हणून ती करते तर मी पण करतो असं नाही, घर एक असलं तरी कागद वेगळे आहेत.

नोकरी बदलायची असेल तर ब्लू कार्डच्या पहिल्या १२ महिन्यांत फॉरेनर्स ऑफिसला कळवावंच लागतं, ते ३० दिवस थांबवून तपासू शकतात आणि नाही पण म्हणू शकतात. त्यामुळे जुन्या ठिकाणी राजीनामा द्यायच्या आधी नव्या काँट्रॅक्टवरचा पगार ब्लू कार्डसाठीच्या त्या वर्षीच्या किमान आकड्याच्या वर आहे ना ते बघा, तो आकडा दर जानेवारीत वर सरकतो. २०२५ मध्ये तो वर्षाला ४८,३०० युरो होता, शॉर्टेजवाल्या, म्हणजे माणसं कमी पडतात अशा प्रोफेशनला आणि डिग्री होऊन तीन वर्षांच्या आत असलेल्यांना ४३,७५९.८० युरो. पार्टटाइमवर जाताना लोक हे हमखास विसरतात, मूल झालं म्हणून ८० टक्के करून घेतलं आणि पगार रेषेच्या खाली गेला. आणि ज्यांच्याकडे ब्लू कार्ड नाही, साधं स्किल्ड वर्कर परमिट आहे, त्यांनी तर हिरव्या कागदावर कंपनीचं नाव असेल तर परवानगी हातात पडल्याशिवाय हलूच नये.

नोकरी गेली तर? हल्ली टेकमध्ये हे खूप झालंय, त्यामुळे स्पष्टच लिहिते. नोकरी मुदतीआधी संपणार हे कळल्यापासून दोन आठवड्यांत तुम्ही फॉरेनर्स ऑफिसला कळवायचं असतं, कंपनीने वेगळं कळवायचं असतं, चार आठवड्यांत. म्हणजे लपवून ठेवायचा काही उपयोगच नाही, त्यांना कळणारच, प्रश्न एवढाच की तुमच्याकडून आधी कळलं की नाही. नोटीस मिळाली की तीन दिवसांत रोजगार ऑफिसमध्ये जॉब सीकर म्हणून नाव टाका. गेल्या ३० महिन्यांत १२ महिने इन्शुरन्स भरला असेल तर बेकारी भत्ता मिळतो, तो घ्यायला अजिबात लाजू नका, ते तुम्ही भरलेल्या विम्याचे पैसे आहेत, त्याने परमिटला धक्का लागत नाही. धक्का लागतो तो गरिबांसाठीच्या सरकारी मदतीने, कारण पीआरची मूळ अटच आहे की स्वतःचा खर्च स्वतः भागवता येतो. भत्त्याच्या नावाने घाबरून लोक दोन्ही सोडतात आणि बचत संपवतात, मला याचं फार वाईट वाटतं.

पेन्शनचं स्टेटमेंट वर्षातून एकदा मागवा, फुकट असतं, पेन्शन इन्शुरन्सच्या साईटवरून दोन मिनिटांत मागता येतं आणि पोस्टाने घरी येतं. त्यात महिना-महिना लिहिलेला असतो, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, पुढे कंपनीने कळवलेला पगार. कंपनी विकली गेली, पेरोल बदललं, अशा वेळी मधलेच दोन महिने गायब असू शकतात. पीआरच्या आदल्या आठवड्यात ते दिसलं तर दुरुस्तीला वेळ जातो, दोन वर्षं आधी दिसलं तर एक ईमेल.

शहर बदलणं ही दुसरी गोष्ट. नवीन घरात गेल्यावर दोन आठवड्यांत अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण शहर बदललं की फॉरेनर्स ऑफिसही बदलतं आणि तुमची फाईल जुन्या ऑफिसातून नव्या ऑफिसात जाते, आपल्या वेगाने नाही, तिच्या वेगाने. माझ्या एका मैत्रिणीने पीआरचा अर्ज टाकला आणि नवऱ्याच्या नोकरीसाठी शेजारच्या जिल्ह्यात घर घेतलं, नियम काहीच मोडला नाही, सगळं वेळेत कळवलं, तरी फाईल प्रवासात असल्याने सगळं पुन्हा रांगेच्या शेवटी. जमत असेल तर अर्जाच्या तोंडावर घर हलवू नका. तसंच पासपोर्ट, त्याची मुदत संपत आली असेल तर आधी तो रिन्यू करा, कारण परमिट पासपोर्टच्या तारखेच्या पुढे देत नाहीत आणि मग चार वर्षांचं कार्ड मिळायच्या जागी आठ महिन्यांचं मिळतं, फी तेवढीच.

राहता राहिला देशाबाहेरचा मुक्काम. साधं परमिट असेल तर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की ते आपोआप संपतं, पत्र वगैरे काही येत नाही. ब्लू कार्डला ही सूट १२ महिन्यांची आहे. आणि गंमत म्हणजे पीआर मिळाली, नीडरलासुंग्सएरलाउब्निस असं लांबलचक नाव असलेलं कार्ड ११३ युरो भरून हातात आलं, की तुम्ही परत सहा महिन्यांवर येता! ब्लू कार्डवर आईच्या आजारपणात आठ महिने राहून आलेला माणूस पीआरवर तेच करायला गेला तर पीआर गेली. पक्की झाली म्हणजे काहीही चालतं असं धरून चालणारे लोक इथेच फसतात. घरचं कारण असेल, कंपनी बाहेर पाठवत असेल, तर निघायच्या आधी फॉरेनर्स ऑफिसकडून जास्त मुदतीचं पत्र घ्या, कारण दिलं तर देतात. आणि वारंवार लांब राहायचं ठरलेलंच असेल तर साध्या पीआरऐवजी ईयूवाली पीआर बघा, तिला पाच वर्षं लागतात पण ईयूच्या बाहेर १२ महिने राहता येतं, ब्लू कार्डवरून ती घेतली असेल तर २४ महिने. अर्जाच्या फॉर्मवर दोन्हीचे वेगवेगळे चौकोन असतात, कुठला हवाय ते खूण करायच्या आधी ठरवून जा.